कुठल्या दारात जायचं? मनाच्या दुखण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत आणि गावाऐवजी तालुका दिला आहे. उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

माझे मालक 42 वर्षांचे आहेत. सोयाबीन हातचं गेलं तेव्हापासून, म्हणजे अडीच महिने झाले, गप्प गप्प असतात. पहाटे तीनला उठून ओसरीवर बसतात. जेवण निम्म्यावर आलंय. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावलं, अशक्तपणा आहे म्हणाले. आता मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊ का समुपदेशकाकडे? (एक ताई, मंठा तालुका)

ताई, पहाटे तीनला जाग, निम्मं जेवण आणि माणसांतून उठलेलं मन ही लक्षणं दोन आठवड्यांच्या वर टिकली, की आम्ही नैराश्याचा आजार गृहीत धरूनच तपासायला बसतो. तुमच्याकडे तर अडीच महिने झालेत. सलाईनमध्ये मीठ-साखरेचं पाणी असतं. त्याने दोन तास तरतरी येते, पण आजार जागचा हलत नाही.

पाटीवर ‘मेंदूविकारतज्ज्ञ’ असेल तर ते फिट, लकवा, डोक्यातली गाठ, हातापायाच्या मुंग्या बघणारे डॉक्टर. तिथे बहुधा स्कॅन निघेल, तो नॉर्मल येईल आणि तुम्ही ‘काहीच नाही म्हणे’ असं ऐकून परत याल. तुम्हाला गाठायचेत मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिकलेले डॉक्टर असतात आणि गोळी तेच लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या करतात आणि बोलण्यातून उपचार करतात. समुपदेशक अडचण सोडवायला मदत करतो. या दोघांना गोळी लिहिता येत नाही. कुठून सुरुवात करायची याचा आमचा हिशेब सरळ आहे. झोप, भूक आणि रोजचं काम यांतलं दोन बिघडलं असेल तर पहिली पायरी मनोविकारतज्ज्ञाची. झोप-भूक शाबूत आहे, काम चालू आहे, पण घरातला ताण, कुणाचं जाणं किंवा लग्नातली कुरबूर सहन होत नाही, तर समुपदेशकापासून सुरू केलं तरी चालतं.

जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर ‘मनोविकार विभाग’ म्हणून विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयातून काम करतं. त्यात डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि नर्स अशी पदं असतात. हे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही जातं. मंठ्याचा वार कोणता, हे गावच्या आशाताईला आधी विचारून घ्या, म्हणजे जालन्याची खेप वाचेल. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर आणि अंबाजोगाई इथली वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं मोठी आहेत. तिथे केसपेपरचे थोडे पैसे पडतात, पण भरती करायची वेळ आली तर सोय असते. सकाळी लवकर जा, कारण नवीन केसपेपर दुपारी बंद होतात.

‘वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील’ ही भीती घराघरात असते. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. जिल्हा रुग्णालयात जाणं म्हणजे तिथे जाणं नव्हे. ताप दाखवून माणूस घरी येतो तसेच तुमचे मालक त्याच दिवशी घरी येतील. त्यांना ‘तुमच्या डोक्यात काहीतरी झालंय’ असं म्हणू नका. ‘झोप लागत नाही, त्यासाठी दाखवू’ म्हणा. ते खरंही आहे आणि त्यांना पटेलही.

आदल्या रात्री एका कागदावर लिहून काढा: कधीपासून आहे, किती वाजता झोपतात, किती वाजता जागतात, वजन किती उतरलं (पँट सैल झाली असेल तर तेही), दारू-तंबाखू किती, घराण्यात कुणाला असं झालं होतं का. आजवर दिलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, पिशवीत टाका. नैराश्याच्या गोळीच्या आधी कधी अति बोलणं, पैसे उधळणं, तीन-तीन रात्री न झोपता हुशारीत असणं असा काळ गेला असेल, तर तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. त्यावर गोळी बदलते. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-12 अशा तपासण्या सांगतील, त्या करा. थायरॉईड मंदावला की माणूस हुबेहूब असाच दिसतो.

आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट. त्यांना एकांतात सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाले, किंवा नुसती मान खाली घातली, तर उद्यावर ढकलू नका. त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. फवारणीचं औषध, उंदराचं औषध घरातून हलवा. पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून किल्ली शेजारच्या घरी ठेवा, किंवा डबेच भावाच्या शेतावर पाठवा. अशी लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते, आणि तेवढ्या वेळात विष हाताशी नसणं हाच मोठा बचाव असतो.

कुणी औषध प्यायलंच तर 108 ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, तूप-दूध पाजू नका. ते फुप्फुसात गेलं तर जीव जातो. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवा, बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर ठेवा आणि औषधाची बाटली सोबत घ्या. डॉक्टरांचा उतारा त्या लेबलवर ठरतो. पोलिसांच्या भीतीने काही घरं रुग्णालयात जायला उशीर करतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 असं धरून चालतं, की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला शिक्षेपासून संरक्षण देतं.

आमच्या गावात ‘डॉ.’ लावून एक समुपदेशन केंद्र उघडलंय. माणूस खरा शिकलेला आहे का, हे कसं ओळखायचं? (एक शिक्षक, गेवराई तालुका)

सर, ‘डॉ.’ पाहून थांबू नका. तो पीएच.डी.चा असू शकतो, होमिओपॅथीचा असू शकतो. मनोविकारतज्ज्ञाच्या नावापुढे एमडी (सायकियाट्री), डीएनबी किंवा डीपीएम दिसेल, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असेल. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा क्रमांक लागतो. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून तो पडताळता येतो. अडचण ‘समुपदेशक’ या शब्दाची आहे. आरोग्याशी निगडित इतर व्यावसायिकांसाठी 2021 चा केंद्रीय कायदा झाला असला, तरी पाटी टांगताना कुणी पदवी बघतंच असं नाही. मानसशास्त्रात एम.ए. आणि वर समुपदेशनाचं प्रशिक्षण, एवढं किमान असावं. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून आजार बरा करता येत नाही.

फोनवर चार गोष्टी विचारा. शिक्षण कुठे आणि किती झालं, माझ्यासारखी अडचण आधी हाताळली आहे का, एक बैठक किती मिनिटांची आणि किती रुपयांची, आणि अवघड वाटलं तर कुठल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता. शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चांगला समुपदेशक तिथे लगेच उत्तर देतो, कारण आपल्या हाताबाहेरचं काय हे त्याला माहीत असतं. ‘आमच्याकडे सगळं बरं होतं, कुठे पाठवायची गरजच पडत नाही’ असं कानावर आलं तर फोन ठेवा. पहिल्याच दिवशी दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणं, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला लावणं, आधीच्या पेशंटचे किस्से नावासकट सांगणं, हातात माळ-अंगठी देणं, दार लावून अंगाला हात लावणं, यातलं एक जरी दिसलं तरी परत जाऊ नका.

आणि माणूस चांगला असूनही तुमचं त्याच्याशी जुळेलच असं नाही. तीन-चार बैठकांनंतरही मोकळं बोलवत नसेल तर तसं सांगून दुसरा शोधावा. खरा व्यावसायिक त्याचा राग धरत नाही.

मी 17 वर्षांची आहे. लातूरला नीटची तयारी करते, होस्टेलवर राहते. चाचणीच्या आदल्या रात्री छाती धडधडते, हात गार पडतात, श्वास पुरत नाही. ईसीजी नॉर्मल आला. समुपदेशकाला सांगितलं तर ते घरी सांगतील का? पप्पांनी माझ्यासाठी कर्ज काढलंय. (एक विद्यार्थिनी, लातूर)

तू लिहिलंस तो बहुधा चिंतेचा झटका आहे. तो दहा मिनिटांत शिगेला जातो आणि अर्ध्या-पाऊण तासात उतरतो. त्याने हृदय बंद पडत नाही. धाप लागल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो. हात गार पडणं, बोटांना मुंग्या, डोकं हलकं होणं हे त्यातूनच येतं. म्हणून तेव्हा जोरात श्वास ओढू नकोस. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत हळू बाहेर, असं पाच मिनिटं कर. रोज संध्याकाळी, काही होत नसताना, याचा सराव हवा. झटक्याच्या वेळी पहिल्यांदाच केलं तर जमत नाही. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. जागं राहायला मैत्रिणीने दिलेल्या गोळ्या घेत असशील तर त्या आधी बंद कर, कारण त्या धडधड वाढवतात.

घरी सांगण्याबद्दल. तू बोललीस ते खोलीतच राहतं, हा या कामाचा पहिला नियम. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा 18 वर्षांखालच्या मुलीवर कुणी लैंगिक अत्याचार करत असेल, तर मात्र ते गुप्त ठेवता येत नाही. गोळ्या सुरू करायच्या झाल्या तर तू सज्ञान नसल्याने पालकांची संमती लागेल. मार्कांबद्दल, भीतीबद्दल, पप्पांच्या कर्जाबद्दल तू जे बोलशील ते समुपदेशक फोन करून घरी सांगत नाही. तरी पहिल्याच भेटीत ‘घरी काय सांगाल आणि काय नाही?’ असं विचार. हा प्रश्न विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

ती पहिली भेट कशी असते, ते आधी कळलं तर पाय मागे ओढला जात नाही. खोलीत दोन खुर्च्या असतात आणि पंचेचाळीस मिनिटं ते तासभर वेळ. नाव, शिक्षण, घरी कोण कोण, एवढ्यावर पाच-सात मिनिटं जातात. मग ‘काय होतंय?’ आणि ‘शेवटचं कधी झालं?’ तो दिवस सकाळपासून सांगायचा: काय खाल्लं, कुठे बसली होतीस, डोक्यात पहिलं वाक्य काय आलं. रडू आलं तर कुणी घाई करत नाही. सुटताना तू एक छोटं काम घेऊन येतेस, जसं आठवडाभर झटक्याची वेळ आणि त्याआधीचा विचार वहीत टिपणं. चिंतेसाठी विचार-वर्तन पद्धतीच्या उपचारात साधारण 8 ते 16 बैठका लागतात, आठवड्याला एक. पहिल्या भेटीतच हलकं वाटलं नाही म्हणून सोडू नकोस.

पैशाचा प्रश्न असेल तर सरकारी रुग्णालयातलं ‘मैत्री क्लिनिक’ 10 ते 19 वयासाठीच आहे आणि मोफत आहे. रात्री दोनला झटका आला तर 14416 वर टेली-मानस. ही केंद्र सरकारची सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. ती चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायचं नसेल तर सांगू नकोस. लाईन लागली नाही तर 1800-891-4416 लाव.

दिराला दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. चार-चार दिवस झोपला नाही, गावभर पैसे वाटत फिरला. आता लिथियमच्या गोळीवर बरा आहे. दिवाळीनंतर आम्ही कोयत्यावर जातो ते चैत्रापर्यंत. तिकडे डॉक्टर कुठला? (ऊसतोड कुटुंबातली एक वहिनी, धारूर तालुका)

वहिनी, तुम्ही निघायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. हा आजार गोळी थांबली की उलटतो, आणि झोप तुटली तरी उलटतो. फडात पहाटे तीन-चारला उठावं लागतं, गाडी भरायला रात्रही होते. मुकादमाशी आधीच बोलून घ्या, की दिराला रात्रीच्या भरणीला लावायचं नाही. आजाराचं नाव सांगायची गरज नाही, ‘डॉक्टरांनी रात्रपाळी बंद केलीय’ एवढं पुरे. रोज सहा-सात तास झोप मिळालीच पाहिजे.

निघायच्या आठ-दहा दिवस आधी अंबाजोगाईला किंवा बीडला दाखवा. रक्तातलं लिथियम, किडनी आणि थायरॉईड तपासून घ्या. लिथियमची पातळी तपासताना सकाळची गोळी घ्यायची नाही, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की पाच महिने बाहेर आहोत, मिळेल तेवढी जास्त औषधं लिहून द्या. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. खोपीला आग लागली किंवा कागद भिजला तरी फोटो राहतो. कारखाना कोल्हापूर-सांगलीकडे असो वा कर्नाटकात, तिथल्या जिल्हा रुग्णालयातही हा विभाग असतो, आणि 14416 तिथूनही लागतो.

लिथियम घेणाऱ्या माणसाला फडात वेगळा धोका आहे. घाम गाळून पाणी कमी पडलं की हे औषध अंगात साठतं. म्हणून तहान लागेपर्यंत थांबू नये, कळशी सोबत ठेवून तासातासाला पाणी प्यावं, आणि जेवणातलं मीठ एकदम कमी करू नये. पाठ-कंबर दुखली की टोळीत दुखण्याची गोळी वाटली जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी लिथियम आणखी चढतं. त्याला पॅरासिटामॉलच द्या. हात जोरात थरथरणं, जुलाब-उलटी, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि तीन तासांच्या झोपेवर तो ताजातवाना उठतोय, बोलणं थांबत नाही, मुकादमाने आगाऊ दिलेली उचल उधळायला निघालाय, असं दोन दिवस दिसलं तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

भावजय तीन महिन्यांपासून एकटीच पुटपुटते, ‘मला कुणी जेवणातून घालतंय’ म्हणते. घरचे म्हणतात बाहेरचं आहे, अमावास्येला ठिकाणावर न्यायचं. मी विरोध केला तर मलाच बोलतात. (एक वाचक, कळमनुरी तालुका)

घरच्यांशी ‘बाहेरचं का आजार’ हा वाद घालू नका. त्या वादात वेळ जातो आणि या आजारात वेळच महाग आहे. कानात आवाज येणं आणि कुणी विष घालतंय असा पक्का संशय, यावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितका माणूस जास्त सावरतो. ‘तुम्ही देवाचं करा, मी दवाखान्याचं करतो, दोन्ही चालू ठेवू’ असं म्हणा. आम्ही नवस, अंगारा, पारायण थांबवायला सांगत नाही. फक्त उपवासाच्या नावाखाली गोळी चुकवू नये आणि जागरण टाळावं.

एका ठिकाणी मात्र ताठ उभं राहा. साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारझोड येते, आणि मनोरुग्णाला साखळदंडाने बांधणं 2017 च्या कायद्याने मना आहे. गरज पडली तर 112.

भावजयीला ‘तुला भास होतात’ म्हणून पटवू नका, पटणार नाही. आणि तिच्या हो ला हो ही करू नका. ‘तुला भीती वाटतेय, झोप नाही, त्याचं औषध घेऊ’ इथून सुरुवात करा. जेवणात लपवून गोळी देऊ नका. जेवणात काही घालतात हाच तिचा संशय आहे. एकदा तिने गोळी पाहिली, की तो कायमचा खरा ठरतो. ती यायला तयारच नसेल, तर पहिल्या खेपेला तिच्याशिवाय जाऊन डॉक्टरांना सगळं सांगा. भरती करायची वेळ आली तर काय करायचं, हे तिथेच ठरेल.

नवऱ्याची दारू सोडवायला भाजीतून द्यायची पावडर मिळते. देऊ का? (एक वाचक, भूम तालुका)

नका देऊ. अशा औषधांत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला, की तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात बंद करणंही धोक्याचं आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस कुणालाच ओळखत नाही. जिल्हा रुग्णालयात आठवडाभर भरती ठेवून गोळ्यांच्या आधाराने दारू उतरवतात, बी-1 ची इंजेक्शनं देतात. आधी माहिती हवी असेल तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक 14446 आहे. तो तयार नसला तरी तुम्ही एकट्या फोन करू शकता, आणि तुमच्या स्वतःच्या झोपेबद्दल, भीतीबद्दलही बोलू शकता. तो हात उचलत असेल तर महिलांसाठी 181.

किनवटहून नांदेडला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते. व्हिडिओवर समुपदेशन चालतं का? (एक वाचक, किनवट तालुका)

चालतं. चिंता, सौम्य नैराश्य, शोक, नवरा-बायकोतला ताण यांसाठी समोरासमोर बसण्याइतका उपयोग होतो. जीव द्यायचे विचार, भास, दारू उतरवणं यासाठी प्रत्यक्षच जा. जमेल तर पहिली भेट नांदेडला समोरासमोर करा आणि पुढच्या फोनवर ठेवा. डॉक्टरांना तसं विचारलं तर बरेच जण मान्य करतात. गावच्या उपकेंद्रात ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ची पाटी असेल, तर तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाईन सेवेवरून डॉक्टर जोडून द्यायला सांगा, ती सेवा मोफत आहे.

घरातला फोन घरातच ऐकला जातो, ही खरी अडचण. इअरफोन लावला तरी तुमचं बोलणं बाहेर जातं. शेतातला गोठा, शाळा सुटल्यावरचा ओटा, उभी केलेली गाडी, जिथे पाऊण तास कुणी येणार नाही अशी जागा बघा आणि रेंज आदल्या दिवशी तपासा. व्हिडिओ अडकत असेल तर साध्या कॉलवर बोला. सुरुवातीलाच समुपदेशकाला सांगून ठेवा, की मध्येच कुणी आलं तर मी ‘बियाण्याचं बघतो’ असं म्हणेन. म्हणजे ते विषय थांबवतील आणि तुम्ही पुन्हा फोन करेपर्यंत वाट बघतील.